दोन्ही पाय डावे

मुंगळ्यानं पुढे टाकलेला पाय अधांतरीच थांबवला. दुसरा पाय व्हरांड्यात होता, दप्तर एका खांद्यावरून घसरत होतं आणि नजर वर्गाच्या फरशीवर खिळली होती. तिथं एक हिरवंगार पाऊल होतं. त्याच्या अख्ख्या हाताएवढं लांब, पाच बोटांचं. त्याच्या पुढे आणखी एक, त्याच्याही पुढे आणखी एक, अशी ती पावलं दारापासून थेट कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या राजवाड्यापर्यंत गेली होती.

“ये ना रे आत,” ताई म्हणाल्या.

मुंगळ्यानं तो पाय अलगद मागे घेतला आणि दुसऱ्या पायाशेजारी ठेवला. रडला नाही, ओरडला नाही. फक्त आत आला नाही.

हा मुलगा तसा भित्रा म्हणावा असा नव्हता. शाळा सुरू झाली त्या दिवशी बाकीची पिल्लं आयांना घट्ट धरून गळा काढत होती, तेव्हा हा खुर्च्यांखाली शिरून त्यांचे स्क्रू तपासत बसला होता. मुंगळा हे नाव त्याच्या आईनंच ठेवलेलं. चालताना त्याची मान कायम खाली. मुंग्यांची रांग दिसली की घर विसरून तिच्या मागं जायचा. पटावरचं नाव फक्त हजेरीपुरतं, आणि तेव्हाही तो दुसऱ्या हाकेला ओ द्यायचा.

छोट्या गटात या महिन्यात ताईंनी गोष्ट मांडली होती. सांगितली नव्हती, मांडली होती. गोष्ट त्यांनी स्वतःच रचलेली: एका राक्षसाची उशी हरवते आणि ती शोधत शोधत तो राजवाड्यात येतो. राजवाडा साबणाच्या खोक्यांचा, मनोरे कागदी नळ्यांचे, छपरं त्रिकोणी. त्रिकोण म्हणजे काय हे फळ्यावर सांगून जे डोक्यात शिरलं नसतं, ते छप्पर दोनदा कोसळल्यावर सगळ्यांना कळलं. मुकुट करायला प्रत्येकाच्या डोक्याचं माप कागदाच्या पट्टीनं घेतलं. शाळेत सगळ्यात मोठं डोकं मोठ्या बाईंचं असणार असा मुलांचा कयास होता. पण ते मोजायला जायची कुणाची छाती झाली नाही. आणि आज पावलांची पाळी होती. ठोकळे लावून राक्षसाचं पाऊल मोजायचं, शेजारी आपलं पाऊल ठेवायचं, कितीनं मोठं ते बघायचं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ताई एकट्याच बसून पुठ्ठे कापत आणि रंगवत होत्या. पावलं जमिनीवर चिकटवून झाल्यावर त्यांनी दारातून एकदा बघितलं होतं आणि आपल्यावरच खूश झाल्या होत्या.

आता त्याच दारात त्या मुंगळ्यापुढे उकिडव्या बसल्या.

“अरे, हा पुठ्ठा आहे. हात लावून बघ. मी कापला.”

“माहितेय पुठ्ठा आहे,” मुंगळा म्हणाला. “पण कुणाचा पाय बघून कापला?”

“कुणाचाच नाही. मनानंच काढला.”

मुंगळ्यानं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मोठी माणसं खोटं बोलतात तेव्हा तो असंच पाहायचा, दया आल्यासारखं.

“मनानं काढला, तर बोटं बरोब्बर पाच कशी आली?”

ताईंनी शेवटचा उपाय काढला. “बरं, काढून टाकू का मग सगळी?”

“नको नको!” तो एकदम घाबरला. “काढली तर तो कुठून आला ते कसं कळणार?”

त्याची आई मागं उभी होती. ती बेकरीत कामाला होती. पहाटेची खेप संपवून मुलाला शाळेत सोडायची आणि पुन्हा भट्टीवर जायची. केसांत मैदा तसाच. तिनं लाडीगोडी लावून पाहिली, डोळे वटारून पाहिले, शेवटी उचलून आत ठेवला. तो उभ्या उभ्या थरथरायला लागला. तसा तिनं त्याला पुन्हा उचलून बाहेर आणला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

“घरी कोण आहे हो ताई याला बघायला?” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमच्या जिवावर तर माझं चाललंय.”

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी पडलेलं पोर, आई-बाबांचं भांडण बघून आलेलं पोर, ही सगळी त्यांनी हाताळली होती. पण इथं भीती त्यांनी स्वतःच्या हातानं कापून, रंगवून, वर चिकटपट्टी लावून दारात मांडली होती.

*

मोठ्या बाईंची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती आणि त्यांना दार उघडं ठेवून बसायची सवय होती. त्यामुळे शाळेत टाचणी पडली तरी त्यांना कळायची. दुपारी त्यांनी ताईंना बोलावलं.

“तो मुलगा दिवसभर दारात बसला होता.”

“हो. बसेल आत, थोडा वेळ द्या.”

“थोडा म्हणजे किती?” मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. “आत येऊ न शकणारी मुलं आपण पुढच्या वर्षी घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर प्रवेशासाठी लोक रांगेत आहेत. शनिवारी तुमचं पालकांसाठी प्रदर्शन आहे ना? तोवर बसला तर बसला.”

“आणि नाही बसला तर?”

“तर त्याची जागा दुसऱ्याला. मलाही वाईट वाटेल, ताई. पण व्हरांड्यात वर्ग भरवता येत नाही.”

व्हरांड्यात वर्ग भरवता येत नाही हे खरं, पण दुसऱ्या दिवशी ताईंनी एका मुलापुरता भरवला. उंबरठ्याबाहेर चटई टाकली, ठोकळ्यांची टोपली दिली, कागद-खडू दिले. आत बाकीची मुलं राक्षसाच्या पावलांवर बिनधास्त लोळत होती. एकीनं तर अंगठ्याच्या नखाला गुलाबी रंग लावला. मुंगळा मात्र पोटावर पालथा पडून, हनुवटी उंबरठ्यावर टेकवून पावलांकडे बघत होता. ताई मधूनच बघायच्या तेव्हा तो त्याच जागी असायचा, पण डोळे हललेले असायचे. या पावलावरून त्या पावलावर, तिथून पुन्हा पहिल्यावर.

घाबरलेली मुलं डोळे मिटून घेतात असा ताईंचा आजवरचा अनुभव. हा उलटा होता. याला भीती वाटली की हा डोळ्यांत तेल घालून बघत बसायचा. नक्की काय बघतो हे जाणून घेण्याची ताईंनाच हळूहळू उत्सुकता लागली. त्या मुद्दाम दारापाशी रेंगाळू लागल्या.

“काय दिसतंय रे?”

“अजून बघतोय,” तो म्हणायचा, एखाद्या मिस्त्रीनं बिघडलेल्या यंत्राबद्दल सांगावं तसा.

जाताना बूट घालायची वेळ झाली की तेवढा तो माणसांत यायचा. बूट उलटसुलट घालण्यात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. म्हणून ताईंनी सगळ्यांच्याच बुटांत एक युक्ती केली होती: कागदी फुलपाखरू मधोमध कापून एक पंख एका बुटाच्या आतल्या तळाला, दुसरा दुसऱ्याच्या. बूट शेजारी शेजारी बरोबर ठेवले की फुलपाखरू जुळतं. चुकले की दोन पंख दोन दिशांना तोंड फिरवून बसतात. “अंगठे शेजारी-शेजारी राहतात, करंगळ्या लांब राहतात,” असं ताई रोज म्हणायच्या. मुंगळा रोज ऐकायचा आणि रोज उलटे घालायचा.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ताई मुलांची बोटं पुसत होत्या, तेवढ्यात दारातून हाक आली.

“ताई! हा इथं पोचणारच नाही!”

“कोण?”

“राक्षस! याचे दोन्ही पाय डावे आहेत!”

ताई ओला रुमाल हातात घेऊनच दाराशी आल्या. मुंगळा गुडघ्यांवर बसला होता. कान लाल झाले होते.

“बघा. याचा अंगठा इकडे. याचा पण इकडेच. याचा पण. शेजारी-शेजारी कुणाचाच नाही! फुलपाखरू जुळतच नाही याचं!”

ताईंनी बघितलं. मग पुन्हा बघितलं. पुठ्ठ्याची एक बाजू गुळगुळीत होती आणि दुसरीवर साबणाची जाहिरात होती. त्यांनी एकच साचा प्रत्येक पुठ्ठ्यावर एकाच बाजूनं ठेवला होता आणि भराभर कापत सुटल्या होत्या. निम्म्या वेळा साचा पालथा घालायला हवा होता. तो घातलाच नव्हता. तीन दिवस वीस मुलं त्या पावलांवरून चालली, पालक येऊन वाहवा करून गेले, त्या स्वतः रोज ती ओलांडत होत्या, आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

“मग?” त्यांनी विचारलं. लाज वाटायला हवी होती. पण त्या क्षणी त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

“मग काय! दोन्ही डावे असले की माणूस सरळ कसा जाईल?” मुंगळा उठला. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकडे करून व्हरांड्यात चालू लागला आणि तिरपा तिरपा होत खांबाभोवती फिरून पुन्हा तिथंच आला. “असा. गोल गोल. निघतो आणि परत त्याच्याच घरी पोचतो. बिचारा.”

मग त्यानं दप्तर उचललं, उंबरठा ओलांडला आणि पहिल्या पावलावर पाय देऊन, दुसऱ्यावर पाय देऊन, राजवाड्यापर्यंत चालत गेला. तिथं बसून त्यानं मनोऱ्याच्या नळीत डोळा घालून पाहिलं. बाकीच्या मुलांनी विशेष दखल घेतली नाही. फक्त एकीनं त्याला मुकुट आणून दिला, कारण त्याचा राहिला होता.

घ्यायला आलेल्या आईला ताईंनी काचेतूनच वर्ग दाखवला. तिनं पदराला हात पुसले आणि बघत राहिली.

*

शुक्रवारी मोठ्या बाई प्रदर्शनाची तयारी बघायला आल्या. मुलं घरी गेली होती. त्यांनी मुकुट बघितले, उशीवर डकवलेला कापूस बघितला, पावलांजवळ थांबल्या.

“ताई, हे दोन्ही पाय डावे आहेत.”

“हो. चूक माझीच. पण राहू द्या.” आणि ताईंनी सगळं सांगितलं. मुंगळा, अंगठे, खांबाभोवतीची फेरी. सांगता सांगता त्यांना हसू आलं, पण मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या वाकून पाऊल बघत होत्या.

“तुम्ही इतकी वर्षं शिकवताय,” त्या म्हणाल्या. “मला सांगा, उद्या पन्नास माणसं या खोलीतून फिरणार. त्यातला एखादा काका खो-खो हसून म्हणणार, अरे, बाईंनी दोन्ही डावेच कापले! मग त्या मुलाचं काय? त्याचा राक्षस त्याच्या देखत सरळ चालायला लागेल, आणि तेही अनोळखी माणसाच्या तोंडून.”

“पण आपण बदलली पावलं तर तेच होईल ना? काल कुठं तो आत आलाय. उद्याच शनिवार आहे.”

“शनिवार मीच सांगितला होता. माझ्या लक्षात आहे.”

“बाई, कृपा करून. एवढी एक चूक राहू दे.”

“चुकीच्या आधारावर उभं राहिलेलं मूल किती दिवस उभं राहील?” मोठ्या बाईंचा आवाज चढला नाही, त्यांचा तो कधीच चढायचा नाही, तेच तर अवघड होतं. “विचार करा.”

ताईंनी केला. घरी जाताना केला, जेवताना केला. मोठ्या बाईंचं म्हणणं पटत होतं आणि म्हणूनच त्यांचा राग येत होता. शेवटी त्यांनी ठरवलं: पावलं तशीच राहतील, दारातच उभं राहायचं आणि जो काका हसेल त्याला पायावर पाय देऊन गप्प करायचं.

शनिवारी त्या लवकर पोचल्या. तरी उशीरच झाला होता. वर्गाच्या फरशीवर राक्षसाचे पाय बदलले होते. एक डावा, एक उजवा, एक डावा, एक उजवा. उजव्यांचा रंग किंचित ओला होता आणि कडा ताईंनी कापलेल्यांपेक्षा सफाईदार होत्या. ताईंचा साचा कपाटाच्या वर पालथा पडला होता.

मोठ्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, हात मागे बांधून.

“बाई, हे तुम्ही...” ताईंनी साचा खाली काढला. “निदान मला तरी...”

“तुमचा हात धजला नसता. आणि तो आला की मी इथंच असेन. पळून जाणार नाही.”

ताई खाली बसल्या आणि पहिल्या उजव्या पायाची चिकटपट्टी नखानं उचकटू लागल्या. निम्मी निघाली असेल नसेल, तोवर व्हरांड्यात आईचा आवाज आला. “अरे, नीट घाल ना बूट, उलटे झालेत परत!” आणि मुंगळा दारात उभा राहिला.

त्याची मान खालीच होती. त्यामुळे त्याला सगळ्यात आधी दिसलं ते हेच.

तो थांबला. उंबरठ्यापाशी गुडघ्यांवर बसला. आईनं ताईंकडे पाहिलं, ताईंनी मान खाली घातली. मुंगळ्याची नजर पहिल्या पावलावरून दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर गेली, परत आली. त्यानं बोट हवेत धरून अंगठे जुळवून पाहिले. ताईंना त्याचा श्वास ऐकू येत होता. आईनं त्याच्या खांद्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

“आता जुळतंय,” तो म्हणाला.

ताईंनी चिकटपट्टीवरचं नख उचललं.

“आता सरळ चालतो हा.” त्यानं मान वर केली. “याला कुणी शिकवलं?”

ताईंची नजर मोठ्या बाईंच्या हातांकडे गेली. ते आता मागे नव्हते. नखांच्या कडेला हिरवा रंग होता.

“मोठ्या बाईंनी,” ताई म्हणाल्या.

मुंगळ्यानं मोठ्या बाईंकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच, एरवी त्याला त्यांच्या चपलाच माहीत होत्या.

“म्हणजे तो आपल्या शाळेत येतो?”

मोठ्या बाई असल्या गोष्टींत कधी पडत नसत. मुलांशी त्या सरळ बोलत आणि मुलंही त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं. त्यांनी चष्मा सारखा केला.

“येतो,” त्या म्हणाल्या.

“रडला का? पहिल्या दिवशी?”

“नाही, रडला नाही.” मोठ्या बाई खिडकीपासून पुढे आल्या. “पण आत यायला तयार नव्हता. दारातच बसून राहिला.”

“का?”

“आत कोण कोण असेल ते माहीत नव्हतं ना त्याला.”

मुंगळ्यानं यावर विचार केला. त्याला ते पटलं असावं, कारण त्यानं बसल्या बसल्या आपले बूट काढले, शेजारी ठेवले, पंख पाठमोरे दिसले तसे अदलून बदलून पुन्हा ठेवले. फुलपाखरू जुळलं. त्यानं बूट घातले, या खेपेला कुणी न सांगता, आणि उठून आत आला. डाव्यावर डावा, उजव्यावर उजवा. तिसऱ्या पावलावर मात्र थबकला.

“पण याच्या पायात फुलपाखरू नाहीये,” तो मोठ्या बाईंना म्हणाला. “सोमवारी परत चुकेल हा.”

आई दारातच उभी होती. ताई तिला म्हणाल्या, “जा तुम्ही, भट्टीवर उशीर होईल.” ती हो म्हणाली, पण निघाली नाही.

प्रदर्शन बघायला पालक येऊ लागले तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसल्या त्या मोठ्या बाई. वीतभर उंचीच्या लाल खुर्चीवर त्या गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या होत्या. मागं एक मुलगी कागदाची पट्टी त्यांच्या डोक्याभोवती फिरवून माप घेत होती आणि शेजारी मुंगळा हातांनी पंख केवढे हवेत ते दाखवत होता. मोठ्या बाईंनी मोठा पिवळा कागद घेतला, आधी मधोमध दुमडला आणि मगच त्याला कात्री लावली.